शाळेच्या पडवीत कोणता काळ बसवायचा?

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या हायस्कुलातून पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका तुकडीने शाळेला काहीतरी द्यायचे ठरवले आहे. रक्कम मोठी नाही, पण संगमरवरी फलकावर नावे कोरून संपवावी इतकी लहानही नाही. पहिल्याच बैठकीत कोणीतरी ‘घड्याळ देऊया’ म्हणाले आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत पाच प्रस्ताव झाले: सूर्यघड्याळ, तिथीचा फलक, लंबक, उपग्रहावरून वेळ घेणारे डिजिटल घड्याळ आणि घटिकापात्र. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवत असे, म्हणून तुलना लिहायचे काम माझ्याकडे आले. ‘सर, तुम्ही सांगाल ते’ म्हणणारे विद्यार्थी शेवटी आपल्याच मनाचे करतात, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. दुसऱ्या कुठल्या शाळेला किंवा वाचनालयाला असाच पेच पडला, तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. तास वाजवण्यासाठीच घड्याळ हवे असेल, तर बैठकांची गरज नाही. आमच्या शिपाईमामांनी मनगटावरच्या एचएमटीकडे बघत रुळाच्या तुकड्यावर टोले देऊन कित्येक वर्षे शाळा चालवली आणि मधली सुट्टी एकदाही चुकली नाही. आपल्याला हवी आहे ती मुलाने समोर उभे राहून ‘असे का?’ विचारावे अशी वस्तू. म्हणून मी अचूकपणाला कमी गुण दिले आहेत. कोणती वस्तू काळाविषयी कोणता प्रश्न उभा करते, चार महिन्यांच्या पावसात ती टिकेल का आणि आपण गेल्यावर तिच्याकडे कोण बघेल, या तीन गोष्टींवर भर दिला आहे.

सूर्यघड्याळ

याला समितीत सर्वांत जास्त पसंती आहे आणि सर्वांत जास्त तक्रारही याचीच: ‘ते चुकीची वेळ दाखवते.’ बरोबर, दाखवते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची. फोंडा ७४ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य सरासरी १२ वाजून ३४ मिनिटांनी येतो. ही ३४ मिनिटेही ठरलेली नाहीत. पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे आणि आस २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यावर आपली माध्यान्ह १२:४८च्या सुमारास होते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८च्या आसपास. वर्षभरात अर्धा तास मागेपुढे. हे मुलांनी स्वतः काठी रोवून, खुणा करून शोधले तर एक सबंध वर्षाचा प्रकल्प होतो.

मग चूक सूर्याची की घड्याळाची? इथे मुलाला पहिल्यांदा कळते की भिंतीवरचे बारा हा एक करार आहे आणि करारावर भांडणेही होतात. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ तिने १९५५ पर्यंत जपली. एका शहरात दोन वेळा नांदत होत्या आणि माणसे तरीही गाड्या पकडत होती.

शिवाय सूर्यघड्याळ ज्या सूर्याची सावली दाखवते तो सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांपूर्वीचा सूर्य असतो. ‘आत्ता’ची वेळ जुन्या उजेडावरून वाचायची! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता अडचणी. जून ते सप्टेंबर ते जवळजवळ निकामी असते आणि मेच्या सुट्टीनंतर आपली शाळा नेमकी जूनमध्ये भरते. दुसरे, काटा त्या जागेच्या अक्षांशाएवढा कललेला असावा लागतो, आपल्यासाठी साडेपंधरा अंशांच्या जरा आत. एका शाळेत तयार विकत आणलेले सूर्यघड्याळ मी पाहिले. काटा दिल्लीच्या हिशेबाने अठ्ठावीस अंशांवर उभा होता. सावली पडत होती, फोटो चांगला येत होता आणि वेळ कुठल्याच गावाची नव्हती. घ्यायचे तर इथल्याच गवंड्याकडून, चिऱ्याच्या चौथऱ्यावर, मी समोर उभा असताना.

एक गंमत मात्र फुकट मिळते. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टातला दिवस ढगात जातो, मेमध्ये शाळा बंद. तरी सांगून ठेवलेले बरे.

तिथीचा फलक

संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी हा प्रस्ताव आणला तेव्हा दोघांनी नाके मुरडली, ‘हे विज्ञानात कसे बसणार?’ म्हणून. मला उलट तो विचारांच्या दृष्टीने फार सकस वाटतो.

तिथी हे वेळेचे माप नसून कोनाचे माप आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपली. चंद्राची चाल कधी जलद, कधी संथ, म्हणून तिथी कधी १९ तासांची तर कधी २६ तासांची. म्हणूनच तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २०२४ साली ७ सप्टेंबरला आली, २०२५ साली २७ ऑगस्टला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याचा हा परिणाम. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. आपण याला पंचांगाचे गणित म्हणून सोडून देतो, पण यात एक मोठे तत्त्वज्ञान दडलेले आहे.

न्यूटनने १६८७ मध्ये सांगितले की खरा, गणिती काळ कशाचीही पर्वा न करता एकसारखा वाहतो. जगात काहीच घडले नाही तरी तो वाहतच राहील. जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्सला हे पटले नाही. न्यूटनची बाजू मांडणाऱ्या क्लार्कबरोबरच्या १७१५-१६ मधल्या पत्रव्यवहारात त्याने मांडले की काळ म्हणजे घटनांमधला आधी-नंतरचा क्रम, घटना काढून टाकल्या तर मागे काही उरत नाही. भिंतीवरचे घड्याळ न्यूटनच्या पक्षाचे. पंचांग लायब्नित्सच्या: दोन गोलांमधले नाते बदलले, एवढाच त्याच्यापुरता काळ. आणि आपल्याकडेही एकमत नव्हतेच. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी काळाला जगाच्या नऊ मूळ द्रव्यांत जागा दिली, तो एक, नित्य आणि सर्वव्यापी मानला. म्हणजे दर्शन न्यूटनच्या जवळ जाणारे आणि देवघरातले पंचांग लायब्नित्सच्या. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग एका घरात राहतात ते दोघे, बिघडले कुठे?”

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर वाढलेल्या मुलाला तिथी वेगळी शिकवावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग (सौम्य भरती) आणि भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा. फलकावर तिथीबरोबर भरतीची वेळ लिहिली तर तो जिवंत होईल.

पण रोज लिहिणार कोण? एका वाचनालयात असा फलक होता. लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि पुढे कितीतरी महिने तिथे वद्य नवमीच होती.

लंबक

यावर फार वेळ घालवत नाही. जिन्याच्या पोकळीत फूकोचा लंबक टांगून पृथ्वीचे फिरणे दाखवावे, अशी कल्पना आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनात तो आहे म्हणून. पण अशा लंबकाच्या झोक्याची दिशा ध्रुवावर तासाला १५ अंश वळते आणि विषुववृत्तावर मुळीच नाही. आपण विषुववृत्ताकडे झुकलेले, आपल्याकडे ती तासाला फक्त ४ अंश वळेल. पूर्ण फेरीला जवळजवळ ९० तास. चाळीस मिनिटांच्या तासिकेत मुलांना काही दिसणार नाही, आणि आपल्या जिन्याची उंचीही बेताची आहे.

साधे लंबकाचे घड्याळ सुंदर दिसते, पण दर आठवड्याला चावी देणारा माणूस लागतो. लंबकाची एकच गोष्ट पुढच्या तुलनेसाठी राखून ठेवतो. झुलत्या लंबकाचे चित्रीकरण करून ते उलटे चालवले, तर सरळ कोणते आणि उलटे कोणते हे सांगता येत नाही.

उपग्रहावरून वेळ घेणारे घड्याळ

परदेशात स्थायिक झालेल्या दोघा-तिघांचा याला आग्रह आहे. अचूकपणात याला तोड नाही. सेकंदाची आजची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांची आहे, १९६७ पासूनची. तसली अणुघड्याळे उपग्रहांत असतात, त्यांचा संदेश घेऊन आपल्या पडवीतले तांबडे आकडे बदलणार.

आणि त्या आकड्यांमागे आइन्स्टाइन उभा असतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण, म्हणून त्यांची घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतात. वेगामुळे ती ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. जमाखर्च ३८ मायक्रोसेकंदांचा. हा हिशेब आधीच धरला नसता तर जागेच्या मापात दिवसाला दहाबारा किलोमीटरची चूक साठत गेली असती आणि मालिम जेटीवरून निघालेल्या ट्रॉलरला परतीची वाट सापडायला देवाचा धावा करावा लागला असता.

यातून जो प्रश्न निघतो तो मात्र अंगावर येणारा आहे. काळ कशावरून ओळखायचा, याच्या खुणा वैशेषिक दर्शनाचा कर्ता कणाद याने दिल्या आहेत: आधी-नंतर, एकदम, उशिरा, लवकर. यातल्या ‘एकदम’वर, संस्कृतातल्या ‘युगपत्’वर, १९०५ मध्ये आइन्स्टाइनने नेमके बोट ठेवले. दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. पाहणारा कसा चालला आहे, यावर ते अवलंबून आहे.

खोटे वाटत असेल तर मिरामारच्या वाळूत चला. देवयानी (ॲन्ड्रोमिडा) दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच दूरचा तारकासमूह, क्षितिजाजवळ आहे. दोन माणसे एकमेकांना ओलांडून जातात, एक तिच्या दिशेने, दुसरा उलट, दोघेही फिरायला निघालेल्या निवृत्त माणसाच्या चालीने. दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. सूत्रात आकडे घातले तर ‘देवयानीत आत्ता काय चालले आहे’ या दोघांच्या ‘आत्ता’त आठ दिवसांहून जास्त अंतर पडते. एकाच्या आत्तामध्ये जे घडून गेले, ते दुसऱ्याच्या आत्तामध्ये व्हायचे आहे. दोघांनाही दिसत काहीच नाही, कारण तिथून येणारा उजेड २५ लाख वर्षे जुना. सूर्यघड्याळाच्या आठ मिनिटांची ही थोरली बहीण.

गणिती मिन्कोव्स्कीने १९०८ मध्ये स्थळ आणि काळ एकत्र विणले, आणि त्यातून अनेकांनी असा अर्थ काढला की भूत, वर्तमान, भविष्य सगळे आधीच पसरलेले आहे, वाहते असे काही नाही. मित्र बेसो १९५५ मध्ये गेल्यावर आइन्स्टाइनने त्याच्या घरच्यांना लिहिलेही, की आमच्यासारख्या भौतिकी मानणाऱ्यांना हा भेद म्हणजे एक चिवट भ्रम आहे. भर्तृहरी तर कधीच म्हणून गेला होता की काळ गेला नाही, आपणच गेलो. (त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे दामोदर कोसंबी आपल्या गोव्यात जन्मलेले आणि पेशाने गणिती, हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे.) पण भर्तृहरीच्या ओळीत हळहळ आहे, आइन्स्टाइनच्या पत्रात सांत्वन. एकाच विचाराने एकाला रडू येते, दुसऱ्याला धीर.

हे सगळ्यांनाच पटले, असे नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ आणि आइन्स्टाइन समोरासमोर आले. घड्याळ मोजते तो काळाचा सांगाडा, जगताना जाणवतो तो काळ त्यात सापडत नाही, असे बर्गसाँचे म्हणणे. तत्त्ववेत्त्यांचा वेगळा काळ असा काही नसतो, हे आइन्स्टाइनचे उत्तर. माझे मत विचाराल तर गणितात आइन्स्टाइन बरोबर होता, बर्गसाँचे सापेक्षतेचे गणित चुकलेच. पण इस्पितळात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला बर्गसाँ समजावून सांगावा लागत नाही.

तर इतके सगळे त्या पेटीत आहे. अडचण अशी की त्यातले काहीच दिसत नाही. मुलाला दिसतील तांबडे आकडे, जे त्याच्या घरच्या सेटटॉप बॉक्सवरही आहेत. पावसात वीज गेली की तेही नाहीत.

घटिकापात्र

आता माझे मत उघड करतो. पाचांत सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी अचूक, आणि मला हवे ते हेच.

बुडाला बारीक भोक असलेले तांब्याचे हलके भांडे पाण्यावर सोडायचे. पाणी आत शिरते, २४ मिनिटांत भांडे बुडते. ती एक घटिका. साठ घटिका म्हणजे अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त पूर्वी यावरच साधत, आणि ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग इथूनच आला. पडवीत चालते, ढगांत चालते, रात्रीही चालते. दोष भरपूर: पाणी कोमट झाले की भोकातून लवकर शिरते, गढूळ असले की भोक तुंबते.

पण लंबकासारखे याचेही चित्रीकरण करून उलटे चालवा. तळाशी गेलेले भांडे आपोआप वर येते आहे, आतले पाणी भोकातून बाहेर फेकते आहे! पहिलीतले मूलही हसेल. आता गंमत अशी की पाण्याच्या एकेका रेणूकडे पाहिले तर त्या उलट्या चित्रात गतीचा एकही नियम मोडलेला नसतो. नियमांना दिशा नाही आणि भांड्याला आहे. ही दिशा आली कुठून?

हाच आक्षेप १८७६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लोश्मिटने आपला सहकारी बोल्ट्झमन याच्यापुढे ठेवला. बोल्ट्झमनने पुढच्या वर्षी मोजणीने उत्तर दिले. रेणूंच्या ज्या मांडण्यांत भांडे बुडलेले आणि पाणी किंचित तापलेले असते, त्यांची संख्या अफाट आहे. सगळे रेणू एकजुटीने भांड्याला वर ढकलतील अशा मांडण्या त्यांच्यापुढे नगण्य. उलटे घडायला बंदी नाही, ते घडत नाही एवढेच. या दिशेला ‘काळाचा बाण’ हे नाव इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने दिले, १९२७ च्या व्याख्यानांत.

एकदा सहल म्हणून मुलांना खाजनातली मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, दाखवायला नेले होते. भरतीचे पाणी दार दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी ते ढकलून उघडते. माणूस लागत नाही. नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, असेच इवलेसे दार हवेच्या रेणूंना लावले तर? सगळी हवा एका बाजूला जमेल ना?” मी क्षणभर गप्प झालो. हाच प्रश्न पोलंडच्या भौतिकशास्त्रज्ञ स्मोलुखोव्स्कीने १९१२ मध्ये सोडवला होता. एका रेणूच्या धक्क्याने उघडेल इतके हलके दार स्वतःच उष्णतेने थरथरत राहील, भलत्या वेळी उघडेल, आणि जितके रेणू एका बाजूने येतील तितकेच परत जातील. नुसत्या दाराने दिशा मिळत नाही. मानस चालते कारण दाराच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी वेगळी असते आणि तो फरक चंद्र रोज आणून देतो. तोही फुकट देत नाही. या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते, दिवस शतकाला साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीच्या अशा अनियमित चालीशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा जगाच्या घड्याळात एकेक सेकंद घालावा लागला.

घटिकापात्राला फरक कोण पुरवते? भांडे उचलून पुन्हा पाण्यावर ठेवणारा हात. त्या हाताला बळ जेवणातून, जेवण उन्हातून, आणि असे मागे मागे गेले की १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका अत्यंत सुव्यवस्थित सुरुवातीपाशी पोचतो. ती तशी का होती, हे बोल्ट्झमनच्या मोजणीतून निघत नाही. आपल्याला काल आठवतो आणि उद्या आठवत नाही, तेही याच बाणामुळे, असे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ मानतात. माणसाचा अनुभव आणि प्रयोगशाळेतला नियम निदान एकाच पाटावर बसतात, असे ठिकाण मला काळाच्या चर्चेत दुसरीकडे सापडले नाही. मिन्कोव्स्कीच्या पसरलेल्या काळात वय वाढण्याला फारशी जागा नाही. बुडणाऱ्या भांड्यात आहे.

तर काय घ्यावे?

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर घटिकापात्र, पडवीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, म्हणजे ऊन लागून पाणी तापणार नाही. थोडे उरले तर दुसरे सूर्यघड्याळ, कारण दोन्ही शेजारी असली की मुले आपण होऊन ताळा करतील आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून भांडतील. बाईंना नववीतली दोन मुले रोज फलक लिहायला मिळत असतील तर तिथीचा फलक त्याच भिंतीवर. नसतील तर नको. डिजिटल घड्याळ देणाऱ्यांनी स्वतंत्र पैसे दिले तर मुख्याध्यापकांच्या खोलीत लावावे, तिथे त्याची गरज आहे. ज्या शाळेत पडवीच नाही आणि मोकळे मैदान आहे, त्यांनी हा क्रम उलटा करावा.

मी घरी एक भांडे करून पाहिले. पहिल्या खेपेला ३१ मिनिटे घेतली. भोक सुईने वाढवले, २६ झाली. उत्साहात आणखी वाढवले तर २१. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. शेवटी म्हापशाच्या बाजारातल्या तांबटाकडून डाग लावून पुन्हा सुरुवात केली. आता साडेतेवीस ते पंचवीस यांच्यात येते, दुपारी कमी, पहाटे जास्त. रविवारच्या बैठकीला ते घेऊन येतो. बादली शाळेची घ्यावी, आणि पाणी आदल्या संध्याकाळी भरून ठेवावे.